ओझ्याच्या घोड्यांचा वर्ग

“तिच्या पाठीला शेण फासलं का?” आईने विचारलं.

“फासलं.”

“आन् शेपटीत गोखरू?”

“मूठभर घातलं.”

“मंग ही एवढी देखणी कशी दिसती?”

मी लांब जाऊन पाहिलं. आई म्हणत होती ते खरं होतं. शेण वाळून कवडीच्या अंगावर असं बसलं होतं की ती जन्मतःच त्या रंगाची असावी. गोखरूच्या काट्यांनी शेपटी फुगून भरदार झाली होती. कपाळावर कवडीएवढा पांढरा ठिपका होता, तो मी राखेने झाकायला गेलो, तर राख पसरून तो रुपयाएवढा झाला होता.

“सिद्या, तुला घोडी बिघडवता बी येत न्हाई,” आई म्हणाली. ती कवडीच्या पाठीवर, बिऱ्हाडाच्या वर बसली होती. खाली दोन्ही बाजूंना भांडी, घोंगड्या, जातं, तीन कोंबड्या आणि आदल्या दिवशी जन्मलेलं एक कोकरू, आणि या सगळ्यावर आई.

बाणखेड्याच्या खंडोबाच्या यात्रेतली ही गोष्ट. आम्ही मेंढ्या घेऊन फिरणारे धनगर. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यांवर लादून निघायचं आणि पावसाळा तोंडावर आला की परतायचं. आईचे गुडघे त्या आधीच कामातून गेले होते. तिला चालवत नव्हतं, आणि कवडीशिवाय दुसऱ्या घोड्यावर ती टिकत नव्हती. कवडी बांधाला अंग लावून उभी राहायची आणि आई नीट बसेपर्यंत कान हलवायची नाही. कवडी गेली असती तर आईला गावाकडे चुलत्याच्या दारात सोडून आम्हाला निघावं लागलं असतं. चुलती कशी होती ते लिहीत नाही. आईच एकदा म्हणाली होती, “तिच्या दारात बसण्यापरीस मला नदीत सोड.”

बाणखेड्याला दर साली घोड्यांचं प्रदर्शन भरायचं. नरांचा वर्ग, माद्यांचा वर्ग, शिंगरांचा वर्ग, चालीचा वर्ग. त्या साली देवळातल्या हणमंता गुरवाच्या डोक्यातून नवा वर्ग निघाला, ओझ्याच्या घोड्यांचा. यात्रेला धनगरांची बिऱ्हाडं पुष्कळ येतात, त्यांच्या जनावरांनाही मान मिळावा, असं त्याचं म्हणणं. म्हणणं चांगलंच होतं. अडचण रावसाहेब निंबोऱ्यांची होती.

रावसाहेब त्या मुलखातले मोठे बागाईतदार. यात्रेचा खर्च ते करायचे आणि त्या बदल्यात एकच गोष्ट मागायचे. प्रत्येक वर्गातला पहिला नंबर त्यांच्या दारात बांधला गेला पाहिजे. त्यासाठी रीत पडली होती. घोडा उतरवणाऱ्याने प्रदर्शनाआधी देवापुढे बेलभंडारा उचलायचा, की माझा घोडा पहिला आला तर रावसाहेबांना देईन. आणि रावसाहेबांनीही उचलायचा, की पहिला येईल तो घोडा पंच सांगतील त्या किमतीला घेईन, नाही म्हणणार नाही. किंमत नेहमी चांगली मिळायची. पण रावसाहेब घोड्यावर बसत नसत. त्यांना घोड्याची भीती वाटायची. त्यांच्या दारात पहिले नंबर ओळीने उभे असत, पुढचे पाय आगाडीला आणि मागचे पिछाडीला बांधलेले, प्रत्येकाच्या डोक्यावर रंगवलेली पाटी. खायला भरपूर. सोडणं कधीच नाही. नाचणारा एक प्रसिद्ध घोडा तिथे मी पाहिला होता. तो एवढा फुगला होता की त्याला आपल्या पायांची आठवण राहिली असेल असं वाटलं नाही.

नव्या वर्गाची दवंडी ऐकली आणि यात्रेतली सगळी धनगरांची बिऱ्हाडं उजाडायच्या आत नदीपार झाली. ओझ्याचा घोडा ज्याचा गेला त्याचं घरच गेलं. मागे राहिलो आम्ही एकटे, कारण माझ्या बापाने आदल्या संध्याकाळीच बेलभंडारा उचलला होता.

“गुरवानं इचारलं, न्हाई कसं म्हणायचं?” बा म्हणाला. “गेल्या साली तुझी आई तापली व्हती तवा त्यानंच देवळामागं जागा दिली. आन् मला वाटलं, धा-वीस घोडी उतरतील. त्यात आपली कशाला पहिली येती?”

“आता किती उतरल्यात?” आईने वरून विचारलं.

बाने जात्याचा दोर उगाच ओढून पाहिला.

“अवं, किती?”

“एक.”

“मंग पहिली कोण यील?”

बा कोकरू नीट बसवू लागला. शपथ मोडायचा तर प्रश्नच नव्हता. खंडोबाचा भंडारा उचलून मागे फिरलेल्याच्या मेंढ्यांचं काय होतं, ते आमच्यात लहान पोरालाही ठाऊक असतं.

“हरायला बी दुसरं कुणीतरी लागतं,” आई म्हणाली. “एकटीला कशी हरवतोस रं, सिद्या?”

म्हणून ते शेण आणि गोखरू.

परीक्षक बाहेरून बोलावले होते. रिसालदार सुर्वे, फौजेतून निवृत्त झालेले. अंगाने काटकुळे, मिशी पांढरी, आणि चालताना डावा पाय किंचित ओढत. देवळाच्या पायरीवर बसून ते चहा पीत होते. मी जवळ जाऊन रामराम केला.

“सायेब, एक इचारू का?”

“विचार.”

“वर्गात एकच घोडी असली तर नंबर कसा काढता?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “दहा असल्या तरी तसाच काढतो.”

“म्हंजी?”

“लोकांना वाटतं, मी ही घोडी त्या घोडीशी लावून बघतो. तसं बघितलं तर दहा वाईट घोड्यांतली कमी वाईट पहिली येईल. ती काय परीक्षा झाली?” त्यांनी कप खाली ठेवला. “ओझ्याची घोडी कशी असावी, याचं एक माप असतं. ठेवण, पाय, चाल, स्वभाव आणि ओझं पेलण्याची रीत. समोर येईल तिला मी त्या मापाशी लावतो. मापाला उतरली तर पहिली. नाही उतरली तर नाही.”

“ते माप कुठं असतंय?”

“इथे.” त्यांनी कपाळावर बोट ठेवलं. “इथे एक घोडी उभी असते.”

मला फार बरं वाटलं. “आमची न्हाई उतरायची सायेब. लई वाईट घोडी हाय.”

“मालकच सांगतोय?”

“चावती. लाथ मारती. डोळ्यानं अधू हाय. पाण्याला भिती.”

“आणि तरी तिच्यावर बिऱ्हाड लादता?”

 त्यांनी चहा संपवला आणि उठले.

वर्ग सुरू झाला तेव्हा देवळापुढच्या मैदानात दोरी लावलेल्या रिंगणात कवडी एकटी उभी होती. एकटी असूनही तिला बिल्ला दिला होता, आणि हणमंता गुरव कर्ण्यावरून सांगत होता, “बिल्ला नंबर एककडे सर्वांनी लक्ष द्यावे. बिल्ला नंबर एक हा बिल्ला नंबर एक आहे.” रावसाहेब मंडपात खुर्चीवर बसले होते, रिंगणापासून चांगल्या अंतरावर.

रिसालदार आले. कवडीच्या पुढे उभे राहिले, मागे उभे राहिले, खाली बसून पायांच्या मधून पाहिलं. मग वर पाहून म्हणाले, “आधी ओझं उतरवा.”

“ओझं मीच हाय,” आई म्हणाली. “मी उतरत न्हाई. एकदा उतरले की पुन्ना चढाया बांध लागतो. हितं बांध हाय का?”

लोक हसले. रिसालदार हसले नाहीत. “ठीक आहे. ओझ्यासकट बघू. वर्ग ओझ्याचाच आहे.”

मी मनातून खूश होतो, कारण मी भार मुद्दाम एकीकडे ओढून बांधला होता. जातं डाव्या बाजूला, तांब्याचा हंडाही डाव्या बाजूला. कवडी वाकडी चालेल असा माझा हिशेब. मी दोर धरून तिला पुढे नेलं. पहिल्या चार पावलांत तिने अंग हलवून भार नीट केला, जसा माणूस खांद्यावरचं उपरणं सारखं करतो. हंडा वाजलासुद्धा नाही. कोकराने एकदा डोकं वर काढून पाहिलं आणि पुन्हा झोपलं.

“थांबव,” रिसालदार म्हणाले. ती थांबली. मी तिला हळूच कोपराने ढोसलं, चालू लागावी म्हणून. ती चालली नाही.

“मागे घे.” ती मागे गेली, सरळ रेषेत.

“खूर उचल.” मी उचलायच्या आधी तिनेच उचलला.

“सायेब, आज कशी कोण जाणे, पर रोज अशी न्हाई वागत,” मी म्हणालो.

“गप्प,” बा दातांतून म्हणाला. “देवापुढं खोटं बोलू नगंस.”

“तू उचल अजून भंडारा,” आई वरून म्हणाली.

शेवटी रिसालदारांनी एक ताट मागवलं आणि कवडीच्या कानाशी जोरात वाजवलं. हे स्वभाव पाहण्यासाठी. तीनही कोंबड्या फडफडल्या, आई दचकली, मी दचकलो, मंडपात रावसाहेब खुर्चीतून अर्धे उठले. कवडीने एक कान मागे वळवला आणि पुन्हा पुढे केला. तेव्हा मी आशा सोडली. आईने वरून माझ्या डोक्यावर हात ठेवला. तिचा हात मला जड लागला.

रिसालदार तिच्यासमोर बराच वेळ नुसते उभे राहिले. कवडीकडे पाहत नव्हते. तिच्या जरा पुढे, डाव्या बाजूला मोकळी जागा होती, तिथे पाहत होते. मग त्यांनी गुरवाच्या कानात काही सांगितलं. गुरवाने नाही अशी मान हलवली. त्यांनी पुन्हा सांगितलं. गुरव कर्ण्याकडे गेला.

“ओझ्याच्या घोड्यांचा वर्ग,” तो म्हणाला आणि थांबला. “बिल्ला नंबर एक. मायाप्पा धनगर यांची घोडी कवडी. दुसरी.”

मैदानात कुणी टाळी वाजवली नाही. कशासाठी वाजवायची ते कळलं नाही.

“दुसरी म्हंजी?” कुणीतरी विचारलं.

“दुसरी म्हंजी पहिलीच्या मागची,” गुरव कर्ण्यातच म्हणाला.

“पर पहिली कोण?”

“ते सायेबांनी सांगितलं न्हाई.”

लोकांत वाद सुरू झाला. एकात दुसरी म्हणजे शेवटची, असं एक म्हणाला. दुसरा म्हणाला, शेवटची असती तर तिसरीही म्हणता आली असती, दुसरी म्हणजे चांगलीच. एक म्हातारा मला विचारत होता, पहिली घोडी सकाळीच येऊन गेली का. मी बापाकडे पाहिलं. बापाच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण ते लपवावं की नाही ते त्याला कळत नव्हतं. शपथ पहिल्या नंबराची होती. दुसऱ्याची नव्हती. आई वर बसून डोळे पुसत होती आणि कोंबडीला शिव्या देत होती.

पण यात्रेची मिरवणूक राहिली होती. सगळ्या वर्गांचे विजेते देवळाला फेरी घालायचे, पहिला पुढे, दुसरा मागे. गुरव घामाघूम झाला.

“पहिल्याच्या जागी दुसऱ्याला चालवलं तर पहिल्याचा अपमान,” तो म्हणाला. “जागा सोडायलाच पायजे. आन् नुसती जागा सोडली तर लोक मधी घुसत्यात. सिदबा, तू मोकळा हाईस. हा दोर धर आन् कवडीच्या पुढं चाल.”

“दोराला काय बांधू?”

“काय बांधतोस? पहिला नंबर हाय त्येला.”

मी रिकामा दोर धरून निघालो. मागून बा कवडीला घेऊन आला, कवडीवर आई. थोडं गेल्यावर रिसालदार बाजूने पाय ओढत आले.

“दोर लोंबतोय,” ते म्हणाले. “वर धर. अजून वर. तेवढी बुटकी नव्हती ती.”

मी वर धरला.

“आणि डावीकडून चाल. उजवीकडून कुणी चाललं की ती बिचकते.”

मी डावीकडे झालो. मला वाटलं, म्हातारे साहेब गंमत करताहेत. पण त्यांचा चेहरा गमतीचा नव्हता. दोर उंच धरल्याबरोबर लोकांनाही तिथे घोडी आहे असं वाटायला लागलं असावं, कारण त्यांनी वाट सोडली, आणि नुसती माझ्यापुरती नाही, घोडी जाईल एवढी सोडली. देवळाच्या पूर्वेला कुणीतरी दोराच्या पाठीमागच्या हवेत भंडारा उधळला. मग सगळेच उधळू लागले. एक बाई लेकरू घेऊन पुढे आली. घोड्याच्या अंगावरून हात फिरवला की लेकराचं भय जातं, अशी तिकडे समजूत होती.

“लाथ मारती का, भाऊ?” तिने विचारलं.

“न्हाई,” मी म्हणालो. “गरीब हाय.”

तिने लेकराचा हात धरून हवेत फिरवला, मानेपासून पाठीपर्यंत. रिसालदारांनी तोंड वळवलं.

एक गोष्ट मी त्या वेळी पाहिली ती सांगतो, अर्थ काढत नाही. कवडी कधी कुणाच्या मागे चालत नसे. आमची बाकीची घोडी तिच्या मागे असत, आणि पुढे कुणी गेलं तर ती त्याला खांदा मारून पुढे व्हायची. त्या दिवशी पूर्ण फेरीभर ती एक घोडी मावेल एवढं अंतर ठेवून मागे चालली.

फेरी संपली आणि देवळाच्या पायऱ्यांशी रावसाहेब उभे राहिले.

“गुरव, घोडी कुठाय?”

“कुठली, रावसाहेब?”

“पहिली. मी भंडारा उचललाय. चारी वर्गांतले पहिले माझी माणसं घेऊन गेली. पाचवी राहिली.” ते शांतपणे बोलत होते, पण कपाळावर घाम होता. “दारात खुंटा ठोकलाय. पाटी रंगवून झालीय. तेरा वर्षं झाली, एक पहिला नंबर सुटला नाही. आता लोक म्हणतील, रावसाहेबाचा खुंटा रिकामा, रावसाहेबानं देवाला फसवलं.”

गुरव रिसालदारांकडे वळला. “सायेब, तुमच्या हातात हाय. फकस्त दुसरीची पहिली करा. काय बिघडतंय? एकटीच तर व्हती.”

“पहिला नंबर दिलेला आहे.”

“कुणाला?”

“ज्या घोडीचा होता तिला.”

“मालक कोण तिचा?” रावसाहेबांनी विचारलं.

“मी.”

“मग विका मला.”

“विकायची नाही.”

“पंच म्हणतील ती किंमत देतो. वर अजून देतो.”

“विकायची नाही,” रिसालदार पुन्हा म्हणाले, आणि या खेपेला त्यांचा आवाज असा लागला की हसायला आलेली माणसं गप्प झाली. रावसाहेबही चाचरले. जी घोडी नाही ती घ्यायला हा माणूस घासाघीस करतोय, आणि जी नाही तिला तो माणूस सोडत नाही. मी मधे रिकामा दोर धरून उभा, आणि हात दुखायला लागला तरी तो खाली करायची हिंमत मला होईना.

“मग देवाचं काय करायचं ते तुम्हीच सांगा,” रावसाहेब म्हणाले. “मी शपथ घेतली ती खरी घेतली.”

तेव्हा बा पुढे झाला. माझा बाप साधा माणूस. दुसऱ्याची शपथ मोडतेय हेही त्याला पाहवत नव्हतं.

“रावसाहेब,” तो म्हणाला, “देवाचं काम हाय. आमची घ्या. दुसरी असली तरी हाय तर खरी.” आणि त्याने कवडीचा दोर पुढे केला.

“बा,” मी म्हणालो. 

“मला बी घ्या मंग,” आई वरून म्हणाली. ती ओरडली नाही. “म्या हिच्यावरनं उतरत न्हाई. मला बी आगाडी-पिछाडी बांधा. वर पाटी लावा. म्हातारी, नंबर दुसरा.”

रावसाहेबांनी दोराकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. हात उचलला. घ्यायला की नको म्हणायला, ते कळायच्या आत रिसालदार माझ्याजवळ आले आणि त्यांनी माझ्या हातातला रिकामा दोर घेतला.

 मग कुणाला उद्देशून नाही असं बोलू लागले. “डोंगरात होतो आम्ही. सामान वाहणाऱ्या जनावरांची तुकडी. मला पायात लागलं. वर बर्फ. तिच्यावर आधीच दोन पेट्या होत्या. पेट्या कुणी उतरवल्या नाहीत, वेळच नव्हता. पेट्यांवर मी. तिने मला रात्रभर चालून खाली आणलं. एकदाही घसरली नाही.” त्यांनी दोराची गाठ सैल केली, पुन्हा नीट बांधली. “फौजेत घोडीला नाव नसतं. खुरावर आकडा असतो. पुढे गाड्या आल्या आणि जनावरं कमी करा म्हणून हुकूम आला. मी तेव्हा दवाखान्यात होतो. परतलो तर तिचा खुंटा रिकामा. तेव्हापासून कुठेही या वर्गाला बसलो तरी पहिला नंबर तिचाच लागतो. मी देत नाही. लागतो.”



“रावसाहेब,” ते म्हणाले, “देतो. पण अटी आहेत.”

“सांगा.”

“आधी पाणी, मग चारा. डावीकडूनच जायचं. आगाडी-पिछाडी बांधायची नाही, ती पळून जाणारी नाही. आणि आज दोर नव्या मालकाने स्वतः धरायचा. नोकराच्या हातात द्यायचा नाही.”

तेरा वर्षांत रावसाहेबांनी घोड्याचा दोर हातात धरलेला कुणी पाहिला नव्हता. त्यांनी धोतर सावरलं, डावीकडे झाले आणि हात पुढे केला. दोर हातात आल्यावर दोन पावलं लांब सरकले.

“भिऊ नका,” रिसालदार म्हणाले. “ती काही करत नाही.”

“किंमत?” गुरवाने विचारलं.

“देवापुढे ठेवा.”

रावसाहेब निघाले. दोर किती उंच धरायचा ते त्यांना कुणी सांगायची गरज पडली नाही. लोकांनी येळकोट केला. आमच्याकडे पाठ करून ते असे चालले होते, एक खांदा जरा वर, जशी मागून कुणाची तरी ऊब लागत असावी.

पुढे कितीतरी वर्षं रावसाहेबांच्या दारावरून आमचं बिऱ्हाड गेलं. त्या ओळीत एक खुंटा मोकळा असे, जमीन झाडलेली, पुढे पाण्याची बादली भरलेली. घोड्यांची देखभाल करणारा मोतद्दार एकदा मला म्हणाला, “सगळ्यांत कमी खाती आन् सगळ्यांत जास्त मान हिचा. मालक रोज सकाळी येऊन हिच्यापाशी उभं ऱ्हात्यात. बाकीच्यांपाशी अजून भित्यात.” यात्रेच्या त्याच साली रावसाहेबांनी बाकीच्या घोड्यांच्या पिछाड्या काढायला लावल्या होत्या, हिला नाही तर त्यांना तरी कशाला, म्हणून. पाटीवर काय लिहिलंय ते मला तेव्हा वाचता येत नव्हतं. म्हातारपणी अक्षरं शिकलो आणि मुद्दाम जाऊन वाचलं. ‘पहिला नंबर’ एवढंच होतं. खाली नावाची जागा कोरी.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मी नदीवर कवडीला धुतलं. शेण निघालं, गोखरू निघायला फार वेळ लागला. आईला बांधावरून चढवलं. बा मेंढ्या घेऊन पुढे गेला होता.

उताराशी रिसालदार उभे होते, काठी टेकून. एसटीला अजून अवकाश होता, असं ते म्हणाले. त्यांनी कवडीला थांबवायला सांगितलं नाही, तीच थांबली.

ते तिच्याभोवती फिरले. पुढून, बाजूने, मागून. पाय पाहिले. आदल्या दिवशी ते तिच्या पुढच्या मोकळ्या जागेकडे पाहत राहिले होते, तिकडे या वेळी त्यांची नजर एकदाही गेली नाही. त्यांनी तिच्या गळ्यावर हात ठेवला आणि तिथेच ठेवून उभे राहिले.

“काल मला हिच्यात एकसुद्धा खोट सापडली नव्हती,” ते म्हणाले. “फक्त ती नव्हती ही.”



“आज जागा मोकळी आहे,” ते आईकडे पाहून म्हणाले. “आज परत वर्ग घेतला, मावशी, तर तुमची घोडी पहिली येईल.”

“मंग घेऊ नगा,” आई म्हणाली आणि तिने कवडीच्या मानेवर थाप मारली.